घरी केलेला मेकअप: रंग येतो कुठून, टिकतो कसा आणि बिघडतो केव्हा

पूर्वी कुंकू लावण्याआधी स्त्रिया कपाळावर मेणाचे बोट टेकवत आणि त्या मेणावर कोरड्या कुंकवाची पूड बसवत. फणेरपेटीत आरसा, फणी आणि कुंकवाचा करंडा यांच्याबरोबर मेणाची छोटी डबी असे, ती यासाठीच. या साध्या रिवाजात आजच्या प्रसाधनशास्त्राचा पाया दिसतो. रंग देणारा पदार्थ वेगळा असतो आणि तो रंग त्वचेवर धरून ठेवणारा पदार्थ वेगळा असतो. लिपस्टिक, काजळ, गालांची लाली, चेहऱ्यावरची पावडर या सगळ्यांची रचना याच दोन गोष्टींवर उभी आहे आणि कारखान्यात त्यात जे काही वाढवले जाते ते बहुतांशी टिकाऊपणा, वास आणि स्पर्श यांसाठी असते. घरी नैसर्गिक मेकअप करू इच्छिणाऱ्याने कृती शोधण्याआधी ही रचना समजून घ्यावी, असे मला मनापासून वाटते. हातोहात फिरणाऱ्या कृतींमध्ये प्रमाण दिलेले असते, पण त्यामागचे कारण दिलेले नसते, आणि कारण ठाऊक नसले की कृती फसल्यावर काय बदलायचे हेही कळत नाही.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करायला हवा. एखादा पदार्थ नैसर्गिक आहे एवढ्यावरून तो त्वचेला निर्धोक आहे असे ठरत नाही. शेंदूर हे शिशाचे ऑक्साइड आहे, हिंगूळ हे पारा आणि गंधक यांचे संयुग आहे, आणि सुरमा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेलेले गॅलेना हे शिशाचे खनिज आहे. हे तिन्ही पदार्थ परंपरेत मानाचे आहेत आणि तिन्ही माणसाच्या शरीराला अपायकारक आहेत. भारतातील सौंदर्यप्रसाधनांविषयीचे नियम रंगद्रव्यातील शिसे दशलक्ष भागांत २० भागांपर्यंत आणि आर्सेनिक २ भागांपर्यंतच चालवून घेतात, ते याच कारणाने. म्हणून ‘हे निसर्गातून आले का?’ या प्रश्नाइतकेच आणखी दोन प्रश्न महत्त्वाचे आहेत: या प्रसाधनात पाणी आहे का, आणि यातला रंग कशात विरघळतो?

पाण्याचा प्रश्न

घरी केलेली प्रसाधने बिघडतात ती बहुतेक वेळा पाण्यामुळे. जिवाणू आणि बुरशी यांना वाढायला पाणी लागते, आणि त्या पाण्यात थोडी साखर, थोडी प्रथिने, थोडा वनस्पतीचा रस असला की त्यांची वाढ झपाट्याने होते. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालू नये हे आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. मेकअपच्या डबीला तोच नियम अधिक कडकपणे लागू पडतो, कारण लोणच्यात निदान मीठ आणि आंबटपणा तरी असतो. कोरफडीचा गर, गुलाबपाणी, काकडीचा रस, तांदळाचे धुवण, मध घातलेले दूध हे सारे या दृष्टीने जिवाणूंचे खाद्य आहे. असे मिश्रण करायचेच असेल तर ते एका वेळेपुरते करावे आणि उरलेले टाकून द्यावे. फ्रीजमध्ये ठेवल्याने बिघाड लांबतो, थांबत नाही, आणि आरोग्याला घातक ठरेल इतके जिवाणू वाढले तरी मिश्रणाचा वास किंवा रंग बदललेला असेलच असे नाही. डोळ्यांच्या बाबतीत हे विशेष गंभीर आहे. स्यूडोमोनास नावाचा, पाण्यात सहज वाढणारा जिवाणू बुबुळाला संसर्ग करून दृष्टीला इजा पोहोचवू शकतो.

यावर ‘ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल फोडून घाला, म्हणजे टिकेल’ हा उपाय सर्रास सांगितला जातो, पण तो बरोबर नाही. ई जीवनसत्त्व तेल खवट होण्याची क्रिया मंदावते; जिवाणूंना ते अडवत नाही. टी ट्री किंवा लवंगीच्या सुगंधी तेलाचे दोन थेंबही परिरक्षकाचे, म्हणजे जिवाणू-बुरशी रोखणाऱ्या पदार्थाचे, काम करत नाहीत, आणि ते काम व्हावे म्हणून थेंब वाढवले तर त्वचेला दाह होतो. सोडियम बेन्झोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट ही खाद्यपदार्थांतही वापरली जाणारी परिरक्षके परिणामकारक आहेत, परंतु मिश्रणाचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल अधिक) साधारण ५ च्या खाली असेल तरच ती नीट काम करतात. म्हणजे ती वापरणाऱ्याकडे सामू मोजण्याच्या पट्ट्या आणि ग्रॅमचा अंश दाखवणारा वजनकाटा असायला हवा. हे अशक्य नाही. मात्र नव्याने सुरुवात करणाऱ्याला माझा स्पष्ट सल्ला असा आहे की त्याने पाणी नसलेलीच प्रसाधने करावीत. तेल, मेण, चरबट बियांचे घट्ट तेल आणि कोरडी पूड एवढ्या चार गोष्टींत ओठांचा मलम, लिपस्टिक, गालांची लाली, भुवयांची पूड आणि डोळ्यांवरचा रंग हे सगळे होऊ शकते. पाणी नसलेले प्रसाधन थोडक्यात पुरते, छोट्या डबीत मावते आणि महिनोन्‌महिने टिकते, हा पर्यावरणाच्या दृष्टीनेही मोठा लाभ आहे.

तेलालाही मर्यादा आहेतच. हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन तेल खवट होते आणि ज्या तेलात बहुअसंतृप्त मेदाम्ले अधिक, ते लवकर खवट होते. जवसाचे किंवा साधे सूर्यफुलाचे तेल या कामासाठी घेऊ नये. खोबरेल, एरंडेल आणि कोकमाचे तेल पुष्कळ काळ चांगले राहतात. ई जीवनसत्त्वाचा उपयोग आहे तो इथे. ज्यांना मुरुमे येतात त्यांनी चेहऱ्यावर खोबरेल वापरणे टाळावे, कारण ते पुष्कळांच्या बाबतीत रंध्रे बुजवते. ओठांवर ही अडचण येत नाही.

रंग कशात विरघळतो

आता दुसरा प्रश्न. बीटचा रस किती सुंदर गडद दिसतो, म्हणून बहुतेक जण लिपस्टिकसाठी पहिल्यांदा बीटच घेतात आणि निराश होतात. बीटचा रंग बीटानिन या द्रव्यामुळे येतो आणि बीटानिन पाण्यात विरघळते, तेलात नाही. वितळलेल्या मेणात बीटचा रस घातला की तो थेंबाथेंबांनी तळाशी जाऊन बसतो. पूड घातली तर ती खरखरीत कणांच्या रूपात तशीच राहते आणि ओठ ओले झाले की ठिपक्याठिपक्यांनी रंग सोडते. शिवाय उष्णता, उजेड आणि हवा या तिन्हींनी बीटानिन फिके पडते. रसातील पाणी मलमात शिरल्याने तो मलम बिघडण्याचा धोका वेगळाच. बीटची पूर्ण वाळलेली, वस्त्रगाळ पूड गालांच्या कोरड्या लालीत थोड्या काळासाठी चालते, त्यापलीकडे तिच्याकडून अपेक्षा ठेवू नये.

तेलात उतरणारे रंग हवे असतील तर दोन वनस्पती आपल्या माहितीच्या आहेत. एक रतनजोत. मसाल्याच्या दुकानात मिळणारी ही जांभळट मुळे कोमट तेलात ठेवली की काही मिनिटांत तेल लालभडक होते. काश्मिरी रोगनजोशला लाल रंग देण्यासाठी तिचाच वापर करतात. तिचा रंग सामूनुसार पालटतो, आम्लात लाल आणि अल्कलीत निळा-जांभळा, त्यामुळे तिच्या मिश्रणात खायचा सोडा घातल्यास लिपस्टिक जांभळी होईल. मात्र रतनजोत ज्या वनस्पतींच्या कुळातील आहे, त्या कुळातील अनेक वनस्पतींमध्ये यकृताला अपायकारक अल्कलॉइडे असतात. ओठांवरचे प्रसाधन थोडेथोडे पोटात जातेच, म्हणून रतनजोतीची लिपस्टिक मी समारंभापुरती वापरावी असे म्हणेन. रोजच्या वापरासाठी, आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांसाठी, ती सुचवणार नाही. दुसरी वनस्पती शेंद्री. हिच्या काटेरी बोंडांतील बियांवर केशरी-लाल थर असतो, त्यातले बिक्सिन हे द्रव्य तेलात विरघळते, आणि जगभर चीज व लोणी रंगवण्यासाठी ते खाद्यरंग म्हणून वापरात आहे. शेंद्रीचा रंग तांबूस केशरी येतो, गडद लाल येत नाही, पण रोजच्या मलमासाठी तो फार शोभून दिसतो.

हळद आणि कुंकू यांचे नाते तर याहून मनोरंजक आहे. हळदीतील कर्क्युमिन अल्कलीत लाल होते, म्हणून हळदीत चुना मिसळला की क्षणात लाल रंग दिसतो. पण त्वचेचा सामू साधारण ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल असतो. घाम आला की चुन्याचा परिणाम ओसरतो आणि लाल रंग पुन्हा पिवळटतो. शिवाय चुना त्वचा भाजू शकेल इतका तीव्र असतो. जुन्या पद्धतीने कुंकू करणारे कारागीर म्हणूनच हळकुंडांना लिंबाचा रस, टाकणखार आणि तुरटी यांचे पुट देत. टाकणखार हा बोरॉनचा क्षार आहे, आणि आम्लाच्या सान्निध्यात कर्क्युमिनचा बोरॉनशी संयोग झाला की जे लाल संयुग तयार होते ते घामाच्या सौम्य आम्लतेने पिवळे पडत नाही. शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत बोरॉन ओळखण्यासाठी हळदीचा कागद वापरतात तो याच गुणामुळे. कारागिरांना सूत्र ठाऊक नव्हते, पण निरीक्षण अचूक होते. सोलापूर जिल्ह्यातील केम आणि पंढरपूर ही गावे कुंकवासाठी प्रसिद्ध आहेत. आज मात्र बाजारातील पुष्कळसे कुंकू स्टार्चच्या किंवा दगडाच्या पुडीत कृत्रिम रंग मिसळून केलेले असते. घरी हळदीचे कुंकू करणे शक्य आहे, पण बोरॉनचे क्षार पोटात जाणे हानिकारक असल्याने ते ओठांसाठी, लहान मुलांसाठी किंवा सोललेल्या त्वचेवर वापरू नये. हळदही शक्यतो हळकुंडे आणून दळून घ्यावी, कारण पिवळेपणा वाढवण्यासाठी दळलेल्या हळदीत शिसेयुक्त लेड क्रोमेट मिसळल्याची उदाहरणे भारतीय उपखंडात आढळली आहेत.

मातीचे रंग हा तिसरा गट. गेरू, काव, पिवळी माती यांचा रंग लोहाच्या ऑक्साइडांमुळे येतो. गोव्यातील आणि तळकोकणातील देवळांच्या भिंतींवरची कावी चित्रे काळाला तोंड देत टिकली, ती या रंगाच्या स्थिरतेमुळे. तो उजेडाने उडत नाही, सामूने पालटत नाही, तेलात किंवा पाण्यात विरघळत नाही. लिपस्टिकपासून भुवयांच्या रंगापर्यंत सगळ्यासाठी यापेक्षा भरवशाचे रंगद्रव्य नाही. पण इथे एक विरोधाभास येतो आणि त्याला टाळून पुढे जाता येत नाही. जमिनीतून काढलेल्या गेरूत लोहाबरोबर शिसे, आर्सेनिक आणि इतर जड धातू किती आले आहेत हे तपासल्याशिवाय कळत नाही, तर प्रसाधनांसाठी कारखान्यात तयार केलेले लोहाचे ऑक्साइड रासायनिकदृष्ट्या तेच असूनही त्यातील अशुद्धी मोजून मर्यादेत ठेवलेली असते. रांगोळीच्या किंवा कुंभाराच्या गेरूपेक्षा हे ‘प्रसाधनयोग्य’ लोहऑक्साइड मी निःसंशय पसंत करते. नैसर्गिकतेचा आग्रह सुरक्षिततेच्या आड येत असेल तर सुरक्षिततेला प्राधान्य द्यायला हवे.

एक मलम, कारणांसह

कोकणात आमसुले आणि कोकमाचे आगळ करून झाल्यावर बिया उरतात. त्या बिया कुटून पाण्यात उकळल्या की तेल वर तरंगते, थंड होताना थिजते आणि त्याचे हाताने गोळे वळले जातात. हेच मुठेल. भेगाळलेल्या टाचांना आणि फुटलेल्या ओठांना ते लावण्याची रीत जुनी आहे. परदेशातून येणाऱ्या शिया किंवा कोको बटरच्या जागी हे तेल वापरावे असे मी आग्रहाने सांगते. त्यासाठी वेगळे शेत लागत नाही, ते दुसऱ्या उद्योगात उरलेल्या बियांपासून निघते, आणि ते साधारण ४० अंश सेल्सियसला वितळत असल्याने खोलीच्या तापमानाला घट्ट राहते पण त्वचेवर चोळले की मऊ होते. खोबरेल २४ अंशांच्या आसपासच वितळते, त्यामुळे एकट्या खोबरेलाचा मलम महाराष्ट्राच्या उन्हाळ्यात डबीत तेल होऊन बसतो. मुठेल पाण्यात उकळून काढलेले असल्यामुळे त्यात पाण्याचा अंश राहू शकतो. म्हणून ते आधी मंद आचेवर वितळवून, तळाशी बसलेले पाणी व गाळ सोडून, वरचे तेल फडक्यातून गाळून घ्यावे.

घट्टपणा येतो तो मधमाशीच्या मेणाने, जे ६२ ते ६४ अंशांना वितळते. महाबळेश्वरच्या परिसरात मधपाळ मोठ्या संख्येने आहेत, तिथले मांघर तर ‘मधाचे गाव’ म्हणून ओळखले जाते, आणि मधपाळांकडून थेट घेतलेले मेण भेसळीच्या दृष्टीने अधिक खात्रीचे. पुष्कळदा मेण म्हणून विकले जाते ते खनिज तेलापासून काढलेले पॅराफिन असते. मधमाशीचे मेण वापरायचे नसेल तर मेक्सिकोच्या वाळवंटी झुडपापासून मिळणारे कँडेलिला मेण आहे. ते अधिक कडक असल्याने निम्म्याच्या आसपास पुरते.

वीस ग्रॅम मलमासाठी ५ ग्रॅम मेण, ६ ग्रॅम कोकमाचे तेल, ६ ग्रॅम एरंडेल आणि ३ ग्रॅम खोबरेल हे प्रमाण घ्यावे. रंग हवा असेल तर एरंडेलात आधी शेंद्रीच्या कोरड्या बिया मंद उष्णतेवर तासभर ठेवून ते गाळून घ्यावे. मेण आधी वितळवावे, कारण त्याला सर्वांत जास्त उष्णता लागते. मग कोकमाचे तेल आणि शेवटी बाकीची तेले घालावीत. वाटी थेट आचेवर न ठेवता गरम पाण्याच्या भांड्यात ठेवावी आणि वाफेचा एकही थेंब आत पडू देऊ नये. ओतल्यावर मलम लवकर थंड होऊ द्यावा. सावकाश थिजल्यास घट्ट तेलाचे दाणे पडून तो रवाळ होण्याचा संभव असतो. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यासाठी एक ग्रॅम मेण वाढवून तेवढेच खोबरेल कमी करावे. एरंडेलाचे प्रयोजन चकाकीपुरते नाही. ते दाट असल्यामुळे रंगाचे कण त्यात तरंगत राहतात, तळाशी बसत नाहीत. लोहऑक्साइड घालून लिपस्टिक करायची असेल तर ती पूड थेट पातळ मिश्रणात न टाकता थोड्या एरंडेलाबरोबर गुळगुळीत खलात दहा-पंधरा मिनिटे घोटावी. कणांचे पुंजके फुटले की रंग एकसारखा बसतो. घोटण्यात घाई केली की ओठांवर रेघा उमटतात. हाच मलम कमी मेणाचा केला तर गालांच्या लालीचे काम करतो.

पावडर आणि चमक

चेहऱ्याच्या पावडरीत परंपरेने टाल्क, म्हणजे शंखजिरे, असते. त्याच्या खाणींत अ‍ॅस्बेस्टॉस शेजारीच सापडू शकते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२४ मध्ये टाल्कला ‘मानवात बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकले. घरी पावडर करायची तर आरारूट किंवा मक्याचे स्टार्च हा चांगला पर्याय आहे. त्यात थोडी कोको पूड आणि लोहऑक्साइड मिसळून आपल्या वर्णाची छटा साधता येते. पूड कोणतीही असो, ती श्वासावाटे आत जाऊ नये म्हणून उधळत न लावता पफने दाबून लावावी.

चमक हा मात्र पर्यावरणाच्या दृष्टीने सर्वांत अवघड भाग आहे. साधे ग्लिटर म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा थर दिलेल्या प्लास्टिकचे बारीक तुकडे. चेहरा धुतला की ते गटारात, तिथून नदीत आणि समुद्रात जातात आणि त्यांना गोळा करण्याचा कोणताही मार्ग उरत नाही. युरोपीय संघाने २०२३ मध्ये हेतुपुरस्सर मिसळलेल्या सूक्ष्म प्लास्टिकवर निर्बंध आणले आणि हस्तकला व सजावटीसाठीचे असे सुटे ग्लिटर विकण्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरपासून बंदी घातली. त्याला नैसर्गिक पर्याय म्हणून अभ्रक सुचवले जाते. पण आपल्याकडचे पुष्कळसे अभ्रक झारखंड आणि बिहारमधील अनधिकृत खाणींतून येते, आणि तिथे लहान मुले अभ्रकाचे पापुद्रे वेचतात, ढासळत्या बिळांत उतरतात, हे वारंवार उघड झाले आहे. ही साखळी सुधारण्यासाठी २०१७ मध्ये कंपन्या आणि स्वयंसेवी संस्थांनी मिळून एक उपक्रम उभारला, तरी सुट्या पुडीच्या पाकिटावरून ते अभ्रक कोणी वेचले हे सांगता येत नाही. ज्यांना चमक हवीच आहे त्यांनी प्रयोगशाळेत केलेले कृत्रिम अभ्रक घ्यावे. एरंडेलाचा पुसटसा हात गालाच्या उंचवट्यावर फिरवला तरी उजेड पुरेसा चमकतो, आणि मला तो अधिक देखणा वाटतो.

काजळाविषयी सावधपणे

एरंडेलाच्या किंवा तुपाच्या दिव्यावर तांब्याचे भांडे उपडे धरून काजळी जमवायची आणि ती तुपात घोटायची, ही पद्धत घरोघरी होती. काजळी म्हणजे अपूर्ण ज्वलनातून उरलेला कार्बन. त्याबरोबर बहुचक्री हायड्रोकार्बन या गटातील द्रव्येही तयार होतात, आणि त्यांतील काही कर्करोगकारक आहेत. घरच्या काजळात बाजारातील काही काजळ-सुरम्यांसारखे शिसे नसते, ही त्याची जमेची बाजू आहे. पण ते निर्जंतुक नसते आणि त्यातील कणांचा आकार आपल्या हातात नसतो. त्यामुळे ते पापणीच्या आतील ओल्या कडेला न लावता बाहेरून, पापण्यांच्या केसांच्या मुळाशी लावावे, थोडेच करावे आणि डबी इतरांना वापरायला देऊ नये. थंडावा म्हणून घातला जाणारा कापूर डोळ्याला झोंबतो, तो वगळावा. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत काजळ घालू नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. दृष्ट लागू नये म्हणून लावायची तीट तळपायावर लावली तरी रिवाज पाळला जातो.

काही गोष्टी घरी करूच नयेत. सनस्क्रीन त्यात पहिली. झिंक ऑक्साइड क्रीममध्ये कालवले की उन्हापासून संरक्षण मिळते असे वाटते, पण कण एकसारखे पसरले नाहीत तर त्वचेवर जागोजागी उघडे भाग राहतात, आणि किती संरक्षण मिळाले हे प्रयोगशाळेतील चाचणीशिवाय कळत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे चेहऱ्यावर लिंबाचा रस. त्याचा सामू २ च्या आसपास असतो, आणि लिंबूवर्गीय फळांतील काही द्रव्ये त्वचेवर असताना ऊन लागले तर भाजल्यासारखे फोड येऊन पुढे काळे डाग राहतात. ओठ फुगवण्यासाठी दालचिनी किंवा मिरचीचे तेल लावण्याचा सल्ला तर सरळ दाह घडवून आणणारा आहे.

मेकअप काढण्याचा विचार करण्याचे राहून जाते, आणि कचरा सर्वांत जास्त होतो तो तिथेच. एकदा वापरून फेकायच्या ओल्या पुसण्यांमध्ये बहुधा पॉलिस्टरचे धागे असतात. त्या कुजत नाहीत आणि नाल्या तुंबवतात. जुन्या मलमलीच्या साडीचे हातभर तुकडे, त्यावर तिळाचे किंवा बदामाचे थोडे तेल, आणि मग मसुराच्या किंवा हरभऱ्याच्या डाळीच्या पिठाने चेहरा धुणे, एवढ्याने मेण आणि रंग पूर्ण निघतात. तुकडे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावेत. याच विचाराने सामानही मोजकेच घ्यावे. दहा प्रकारची परदेशी तेले आणि पुडी प्लास्टिकच्या पाकिटांतून मागवून त्यातली निम्मी खवट होऊ देण्यापेक्षा, रोज लागणारी एक-दोन प्रसाधने जवळच्या सामानातून करणे आणि बाकीची चांगल्या उत्पादकाकडून घेणे पर्यावरणाला कमी महागात पडते.

पहिल्यांदा केलेले कोणतेही प्रसाधन कोपराच्या आतील बाजूला लावून ४८ तास पाहावे. मेण, शेंद्री, सुगंधी तेले यांची अ‍ॅलर्जी असणारे लोक असतात. भांडी व डब्या उकळून पूर्ण कोरड्या कराव्यात, डबीवर तारीख आणि घटक लिहावेत आणि मलम बोटाऐवजी कोरड्या काडीने काढावा.

घरच्यांसाठी करणे आणि विकण्यासाठी करणे यांत कायद्याने फरक आहे. सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० नुसार विक्रीसाठी प्रसाधने तयार करायला परवाना लागतो आणि महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. ‘नैसर्गिक’ किंवा ‘घरगुती’ असे लिहिल्याने त्यातून सूट मिळत नाही. एखाद्या बचत गटाला मुठेल आणि मेणाचे मलम विकायचे असतील तर पहिल्या दिवसापासूनच प्रत्येक घाण्याची, म्हणजे एका वेळी केलेल्या मलमाची, नोंद ठेवावी: कोणते तेल कोणाकडून आले, किती वजनाचे घेतले, केव्हा ओतले, आणि प्रत्येक घाण्यातली एक डबी बाजूला ठेवून ती किती महिन्यांनी खवट झाली. परवान्यासाठी अर्ज करताना आणि डबीवर वापराची मुदत छापताना हीच वही उपयोगी पडते.